लोकगीताचा श्रोता आणि ‘इंडियन ओशन’

लोकगीत कागदावर उतरविताना संग्राहकाच्या हातून काय काय निसटते, ह्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झालेली आहे. चाल निसटते, ठेका निसटतो, बोलीतील उच्चारांचा हेलकावा निसटतो, असे सर्वच अभ्यासक सांगतात. आणि ते खरेही आहे. मात्र ह्या निसटलेल्या गोष्टींत गीताच्या श्रोत्याची गणना सहसा होत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ज्या ओव्या एकत्र केल्या त्या पाहाव्यात. त्यांतील कितीतरी ओव्या कोणाला तरी हाक घालतात : भाऊरायाला, मायबाईला, तान्ह्या बाळाला, पंढरीच्या विठ्ठलाला. पण पहाटे जात्यावर बसलेल्या बाईसमोर भाऊ नसे. विठ्ठल तर नसेच. समोर असे ती जात्याचा खुंटा धरून दळू लागणारी जाऊ, नणंद किंवा शेजीण. हाक एकाला आणि ऐकणारी दुसरी, अशी ती दुहेरी रचना होती. छापील पानावर हाक उरते, ऐकणारी नाहीशी होते. तिच्या जागी जो वाचक येऊन बसतो, त्याचा त्या दळणाशी काहीच संबंध नसतो.

लोकगीत रंगमंचावर गेले म्हणजे ह्याच्या उलट घडते. ऐकणारा परत येतो, शेकड्यांनी येतो. पण तो दुसराच कोणी असतो. मग मुळातली ती हाक कोणाला लागू पडावयाची? हा प्रश्न दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ ह्या संचाच्या गायनवादनात जितक्या ठळकपणे उभा राहतो तितका अन्यत्र क्वचितच राहत असेल. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ह्या संचाने लोकगीते, संतपदे, प्रार्थना आणि चळवळीची गीते गिटार-ड्रमच्या साथीने देशभर व परदेशांतही गायिली. त्याची कीर्ती ध्वनिमुद्रिकांपेक्षा प्रत्यक्ष कार्यक्रमांतील जोमावर अधिक उभी आहे. संगीताच्या जाणकारांनी त्याचे मूल्यमापन त्यांच्या परीने करावे. पण ज्या संचाच्या गायनसंग्रहात कबीर आहे, नर्मदाकाठचे निमाडी गीत आहे, गोरख पांडे ह्यांचे भोजपुरी गीत आहे आणि केरळच्या ख्रिस्ती उपासनेतील सुरियानी प्रार्थनाही आहे, त्याच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पाठ फिरविणे बरे नव्हे.

‘बँड’ हा शब्द उच्चारताच मराठी मनासमोर वरातीपुढचा लाल डगल्यांचा ताफा उभा राहतो. येथे तो अभिप्रेत नाही. विजेच्या गिटारी, घनगंभीर आवाजाची ‘बेस’ गिटार आणि ड्रम ह्यांच्या आधाराने मोठ्या आवाजात, ठाशीव ठेक्यावर गाण्याची जी पद्धत अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली, तिला ‘रॉक’ म्हणतात. तिच्यात लोकगीत मिसळले की ‘फोक रॉक’. ह्या मिश्रणाचा जन्म वादातच झाला. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांपैकी काहींनी हुर्यो उडविली. इंग्लंडात १९६९ मध्ये ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ ह्या संचाने ‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातील दोन प्रमुख कथागीते फ्रान्सिस चाइल्ड ह्या हार्वर्डच्या प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ३०५ गीतांच्या जाडजूड संग्रहातही सापडतात. तेथे संग्रहाचे काम आधी झाले, आणि गायक पुष्कळदा त्या संग्रहाकडे वळले. ‘इंडियन ओशन’ची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या गीतांतील सर्वांत गाजलेले गीत ग्रंथालयातून आलेले नाही. ते एका आंदोलनातून आले.

संचाचे मूळ सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती ह्या दोन बंगाली तरुणांच्या मैत्रीत आहे. सेन गिटार वाजवीत. पाश्चात्त्य पद्धतीने स्वरांचे पुंजके वाजवून गाण्याला पाठबळ देण्यापेक्षा एकेका तारेवर स्वर लांबवीत, वळवीत, आलापासारखे पुढे सरकण्याकडे त्यांचा कल होता. चक्रवर्ती तबला वाजवीत आणि तबला वाजविता वाजविताच गात. ही गोष्ट दिसावयास साधी, पण करावयास अवघड आहे. आपल्याकडे तमाशात ढोलकीवाला गात नाही, भजनात पखवाजी सहसा गात नाही. ताल धरणारा आणि शब्द धरणारा हे वेगवेगळे असतात. ते दोन्ही एकाच देहात आले म्हणजे शब्द तालावर बसविलेला न वाटता तालातूनच फुटल्यासारखा वाटतो. पुढे श्री. राहुल राम बेस गिटार घेऊन आले आणि श्री. अमित किलम ड्रम घेऊन. किलम ड्रमखेरीज गबगुबीही वाजवितात. बाउल गायकांच्या काखेतील हे तंतूचे चर्मवाद्य महाराष्ट्रातील वाचकाला परके वाटू नये, कारण यल्लम्माच्या भक्तांच्या हातातील आपले चौंडके त्याचेच भावंड आहे.

पहिली ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये निघाली. दुसरी, ‘डेझर्ट रेन’, १९९७ मध्ये आली, आणि ती स्टुडिओत सिद्ध झालेली नव्हती : ‘सहमत’ ह्या संस्थेच्या दिल्लीतील कार्यक्रमात संच जसा वाजला तसा तो तिच्यात ऐकू येतो. ‘सहमत’ ही सफदर हाश्मी ह्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेली संस्था. साहिबाबादजवळ झंडापूर येथे १ जानेवारी १९८९ रोजी ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला. ज्या कलावंताने भिंती नसलेला रंगमंच पत्करला, त्याच्या नावाच्या व्यासपीठावर ह्या संचाचे पहिले प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण व्हावे, हा योगायोग असला तरी निरर्थक नाही. पथनाट्याचा श्रोता तिकीट काढून आलेला नसतो. त्याला थांबवावे लागते, वळवावे लागते, आणि शेवटी नाटकात ओढून घ्यावे लागते. ‘इंडियन ओशन’च्या सादरीकरणाचे शास्त्र ह्याच जातीचे आहे.

त्यांचा कार्यक्रम ज्याने ऐकला असेल त्याच्या ध्यानात हे सहज येईल. गीत शब्दांनी सुरू होत नाही. गिटारीचे काही स्वर संथपणे येतात, मग तबल्याची हलकी थाप, मग बेसचा घुमारा, आणि शब्द येण्यापूर्वीच ऐकणाऱ्याचे पाऊल ठेका धरू लागते. शब्द आले म्हणजेही ते थोडेच असतात आणि पुनःपुन्हा येतात. लय वाढते. मधे एकाएकी सर्व वाद्ये थांबतात आणि उरते ते ध्रुवपद, जे आता मंचावरून येत नसून सभागृहातून येत असते. राहुल राम गीतांच्या मधल्या वेळात श्रोत्यांशी हिंदीत गप्पा मारतात, थट्टा करतात, गीत कोठले ते सांगतात. कीर्तनकाराने अभंग घ्यावा, मधेच चार शब्द बोलावे, टाळकऱ्यांनी पालुपद उचलावे, तसे हे आहे. फरक एवढाच की येथे टाळकरी सभागृहात बसलेले आहेत आणि आपण टाळकरी आहोत हे त्यांना आधी ठाऊक नसते. ह्या जोमाला केवळ आवेश समजणे चूक आहे. तो श्रोत्याची जागा बदलण्याचा उपाय आहे. बाहेर बसलेल्या माणसाला तो आत आणतो, म्हणजेच जात्याच्या खुंट्याला हात लावावयास सांगतो.

आता ‘मा रेवा’ ह्या गीताकडे वळावे. ते २००० साली निघालेल्या ‘कंदीसा’ ह्या ध्वनिमुद्रिकेत आहे. राहुल राम हे पर्यावरणीय विषशास्त्राचे डॉक्टर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन परतल्यावर ते काही वर्षे नर्मदा बचाओ आंदोलनात काम करीत होते, आणि हे गीत त्यांना नर्मदेच्या खोऱ्यातच मिळाले. गीताचा आशय अगदी साधा आहे. रेवामातेचे पाणी निर्मळ आहे, ते खळखळत वाहते. ती अमरकंटकाहून निघाली. तिची सेवा करील त्याला फळ मिळेल, असे वेदपुराणे सांगतात. बस्स, इतकेच. धरणाचा उल्लेख नाही, सरकारचा नाही, विस्थापनाचा नाही. कोणत्याही घाटावर, कोणत्याही एकादशीला म्हणावे असे हे नदीचे भजन आहे.

पण १९९० नंतरच्या खोऱ्यात हे भजन म्हणणाऱ्यासमोर ऐकणारा कोण होता, हे पाहिले पाहिजे. हाक नदीला आहे. ऐकतो आहे तो धरणामुळे ज्याचे गाव बुडणार, असा माणूस. आणि कदाचित मोजणीला आलेला अधिकारीही. ‘तुझे पाणी निर्मळ आहे, ते वाहत आहे’ हे विधान अशा ठिकाणी स्तुतीचे राहत नाही; ते साक्षीचे होते. वाहणे हा नदीचा धर्म आहे असे म्हणणे आणि तिला अडवू नका असे म्हणणे, ह्यांत मग अंतर उरत नाही. ‘रेवा’ हे नावच उड्या घेत जाणे ह्या अर्थाच्या धातूवरून आलेले; कालिदासाच्या मेघालाही ती विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर विखुरलेली दिसते. अशा नदीच्या नावाने हाक मारण्यातच तेव्हा एक बाजू घेतली जात होती. शब्द बदलला नाही, श्रोता बदलला, आणि भजनाचे आंदोलनगीत झाले. हे लक्षात घेतले म्हणजे लोकगीत ‘पुरातन’ की ‘आधुनिक’ हा वाद किती पोकळ आहे ते कळते.

महाराष्ट्राला ही गोष्ट दूरची नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जी गावे आली त्यांत अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आपली आहेत, आणि मणिबेलीचे नाव तर बुडालेल्या गावांच्या इतिहासात प्रारंभीच येते. बाबा आमटे १९९० पासून सुमारे दशकभर बडवानीजवळ नर्मदेच्या काठी राहिले. मराठी वाचकाने गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये आणि पुढे जगन्नाथ कुंटे ह्यांच्या ‘नर्मदे हर हर’मध्ये ही नदी पायी पाहिलेली आहे. परिक्रमेच्या वाङ्मयातील नर्मदा आणि बुडिताच्या हकिगतींतील नर्मदा ह्या मराठीत बव्हंशी वेगवेगळ्या कपाटांत राहिल्या. ‘मा रेवा’त त्या एकत्र आल्या, एवढे श्रेय त्या गीताला दिलेच पाहिजे.

‘कंदीसा’ आली त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे चालू ठेवण्यास संमती दिली. म्हणजे ज्या वर्षी खोऱ्यातील लढ्याला न्यायालयात मोठा धक्का बसला, त्याच वर्षी खोऱ्यातील गीत देशभरच्या घराघरांत शिरले. येथून पुढे गीताचा श्रोता तिसऱ्यांदा बदलतो. दिल्ली, पुणे, बंगळूर येथील महाविद्यालयांच्या पटांगणांत हजारो तरुण हे ध्रुवपद एकमुखाने म्हणू लागले. त्यांतील किती जणांनी नर्मदा पाहिली होती? हा प्रश्न विचारणारे टीकाकार पुढे म्हणतात की हे गीताचे अपहरण आहे; दुःख ज्यांचे त्यांच्याकडे राहिले आणि नाचावयाचा ठेका शहराने नेला. हा आक्षेप हलका नाही. त्याला आणखी एक धार आहे. नर्मदेच्या डोंगराळ काठावर, अलीराजपूरकडील भिलालांत, ‘गायणा’ नावाचे सृष्टीच्या उत्पत्तीचे दीर्घ गीत आहे आणि त्यात नर्मदा ही पूज्य देवता आहे. जे गीत राजधानीत पोहोचून लोकप्रिय झाले ते हे नव्हे. ते निमाडच्या सपाटीवरचे, हिंदी जाणणाऱ्याला विनासायास कळणारे, वेदपुराणांची साक्ष काढणारे गीत. भाषेच्या उतरंडीत जे वर होते तेच प्रवासाला निघाले. ‘गायणा’ला ती ख्याती लाभणे शक्य नव्हते. हा दोष संचाचा नाही, पण ह्या प्रवासाचे वर्णन करताना तो झाकून ठेवणेही योग्य नाही.

तथापि अपहरणाचा आरोप पूर्णपणे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण सादरीकरणातच आहे. गीत आणणारा माणूस ते कोठून आणले हे सांगतो. शिवाय तो तेथे प्रवासी म्हणून गेलेला नव्हता. श्रोत्याला नदी ठाऊक नसते, पण ध्रुवपद त्याच्या तोंडात गेलेले असते आणि त्या ध्रुवपदात द्वितीय पुरुषी सर्वनाम असते. नदीला ‘तुझे’ म्हणून हाक मारणे आणि नदीविषयी ‘तिचे’ म्हणून बोलणे ह्यांत फरक आहे. वृत्तपत्रातला नर्मदेविषयीचा लेख वाचणारा शेवटपर्यंत ‘तिचे’ ह्याच पातळीवर राहतो.

‘कंदीसा’ हे ज्या गीतावरून ध्वनिमुद्रिकेला नाव मिळाले ते गीत ह्या दृष्टीने अधिकच चमत्कारिक आहे. केरळातील सुरियानी ख्रिस्ती परंपरेतील ही प्रार्थना. तिची भाषा अरमाईच्या कुळातील, आणि तिचा गाभा म्हणजे ‘पवित्र’ ह्या एका शब्दाची त्रिवार आवृत्ती : पवित्र देव, पवित्र सामर्थ्यवान, पवित्र अमर. मूळ सुरियानीतील ‘कदीशा’ मलयाळी कंठात अनुनासिक होऊन ‘कंदीसा’ झाला. सीरो-मलबार पंथाने १९६२ मध्ये उपासनेत मलयाळमचा स्वीकार केल्यावर ही भाषा वेदीवरून बरीचशी उतरली. चाली मात्र कंठात राहिल्या.

हे गीत चालू झाले की श्रोते बेभान होतात, आणि त्यांपैकी जवळजवळ कोणालाही त्याचा अर्थ कळत नाही. ज्याला शब्दाची चाड आहे त्याला हे प्रथम खटकेल. अर्थ न कळता म्हटलेला शब्द म्हणजे निव्वळ नाद, असे तो म्हणेल. पण मलबारातल्या चर्चमध्ये पिढ्यानुपिढ्या ही प्रार्थना ऐकणाऱ्या शेतकऱ्याला तरी सुरियानी कोठे येत होती? आपल्याकडे मंगलाष्टके ऐकताना अक्षता टाकणाऱ्यांपैकी कितीजण समासांचा विग्रह करीत असतात? हाक देवाला आहे, आणि देवाला भाषा कळते एवढे पुरे, अशी त्या श्रोत्याची धारणा असते. दिल्लीच्या सभागृहातील श्रोता अर्थाच्या बाबतीत बरोबर त्याच जागी बसलेला आहे. म्हणून ह्या संचाच्या साऱ्या स्थलांतरांत हे सर्वांत सहज साधलेले वाटते. लांबून आलेले गीत येथे सर्वांत कमी बदलले. जे गमावले ते श्रद्धेचे, शब्दार्थाचे नव्हे. त्रिवार आवृत्ती ही मुळातच चढत्या लयीला अनुकूल असल्यामुळे संचाच्या पद्धतीला तेथे काही लादावेही लागले नाही.

‘हिल्ले ले’विषयी असे म्हणता येत नाही. हे गीत लोकगीताच्या घाटाचे असले तरी त्याला कर्ता आहे. गोरख पांडे हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, जनसंस्कृती मंचाचे एक संस्थापक आणि हिंदी-भोजपुरीतील महत्त्वाचे कवी. त्यांचा मृत्यू २९ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीत झाला. ज्या महिन्याच्या आरंभी सफदर हाश्मी गेले त्याच महिन्याच्या अखेरीस पांडे गेले. त्यांच्या भोजपुरी गीतात जनतेची पलटण येत आहे आणि तिच्या पावलांनी दुनिया हादरत आहे. येथे हाक दोघांना आहे : पलटणीला स्फुरण आणि सत्तेला धमकी. ही दुहेरी हाक सभागृहात टिकत नाही. पलटण म्हणून उभे राहावयास सांगितलेला श्रोता आनंदाने उभा राहतो, हात उंचावतो, आणि दुनिया हादरण्याचे काम ध्वनिवर्धक करतो. आपल्या शाहिरीशी तुलना केली तर फरक कळेल. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांच्यासमोर जो गिरणी कामगार बसे तो दुसऱ्या दिवशी संपावर जाणारा, किंवा संपावरून आलेला असे. डफावरची थाप त्याच्या उद्याशी बांधलेली होती. ‘हिल्ले ले’चा जोम कानाला सुखवितो, पण ज्या जोमाने ‘मा रेवा’त श्रोत्याला आत घेतले त्याच जोमाने येथे त्याला एक सोपी सुटका मिळते. संचाच्या गीतांत सर्वांत जास्त टाळ्या घेणाऱ्यांपैकी हे गीत असावे, आणि सर्वांत कमी पोहोचणाऱ्यांपैकीही.

कबीराचे काय झाले? २००३ च्या ‘झीनी’ ह्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकगीत कबीराच्या प्रसिद्ध पदावर आहे. देह ही झिरझिरीत विणलेली चादर. सुरनर-मुनींनी ती पांघरून मळविली. कबीराने मात्र जपून पांघरली आणि होती तशी परत ठेवून दिली. ह्या पदाचा शेवट एकट्याने म्हणावयाचा आहे. तो एका माणसाचा हिशेब आहे आणि हिशेब समुदायाने देता येत नाही. कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन ज्यांच्या कानात आहे त्यांना हा मुद्दा वेगळा सांगण्याची गरज नाही. बेळगावकडून देवासला गेलेल्या ह्या मराठी-कानडी गायकाने माळव्याची लोकगीते वेचली, त्यांच्या धुनांतून राग उभे केले आणि कबीराला नाथपंथी जोग्याच्या एकाकी स्वरात गायिले. देवासपासून निमाड काही फार लांब नाही. दोन्ही वाटा एकाच प्रदेशातून निघतात. पण कुमारांनी लोकधुन आत वळविली, गर्दीतून एकट्याकडे नेली. ‘इंडियन ओशन’ची वाट उलट, एकट्याकडून गर्दीकडे जाते. त्या वाटेवर नदी भेटते, देव भेटतो. चादर परत ठेवणारा माणूस भेटत नाही. असीम चक्रवर्तींच्या स्वरात एक आर्जव होते, त्यामुळे ध्वनिमुद्रिकेवर हे पद पुष्कळसे तरते. मंचावर त्याला तोच स्वर आणि शांतता दोन्ही हवी असतात.

चित्रपटांसाठी ह्या संचाने जे केले त्याचा येथे विस्तार करण्याचे कारण नाही. १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ हा अनुराग कश्यप ह्यांचा चित्रपट न्यायालयीन स्थगितीमुळे २००७ पर्यंत अडकून पडला, पण त्यातील पीयूष मिश्रा ह्यांचे ‘बंदे’ हे गीत आधीच लोकांच्या तोंडी गेले होते. ‘पीपली लाइव्ह’मध्ये (२०१०) संचाचे ‘देस मेरा’ आहे. परंतु त्याच चित्रपटात रघुबीर यादव ह्यांच्यासमवेत मध्य प्रदेशातील एका गावची भजनमंडळी महागाईवर जे गाते, त्यापुढे ‘देस मेरा’ फिके पडते, आणि त्याचे कारण उघड आहे : त्या मंडळींना श्रोता शोधावा लागत नाही. ‘मसान’मध्ये (२०१५) वरुण ग्रोव्हर ह्यांनी दुष्यंतकुमारांच्या एका शेरावरून पुढे गीत वाढविले आहे. एका कवीची ओळ उचलून दुसऱ्याने तिच्यापुढे आपले कडवे जोडणे ही लोकगीताची जुनी रीत छापील कवितेलाही लागू पडते, हे त्यात दिसले.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी वारले. करोल बागेतील ज्या जुन्या घरात संच सराव करी, त्याच्या पत्त्यावरून ‘१६/३३० खजूर रोड’ ही पुढची ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये निघाली. तिच्यात असीमचा आवाज आहे. तिची गीते दर महिन्याला एक याप्रमाणे विनामूल्य वाटली गेली. मंचावर त्यांची जागा भरावयास दोन माणसे लागली : गाण्यासाठी श्री. हिमांशु जोशी आणि तबल्यासाठी श्री. तुहीन चक्रवर्ती. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले आणि श्री. निखिल राव ह्यांनी गिटार घेतली. अशा वेळी रसिक हळहळतात आणि आता पूर्वीची मजा नाही असे म्हणतात. त्यात तथ्य आहे; ताल आणि शब्द एका देहात असण्याची जी गंमत होती ती गेली. पण ‘मा रेवा’ आणि ‘कंदीसा’ नव्या कंठांतूनही म्हटली गेली आणि श्रोत्यांनी ध्रुवपद पूर्वीसारखेच उचलले. मूळ गायकावाचून गीत चालू राहणे ही लोकगीताच्या लेखी नित्याची गोष्ट. ध्वनिमुद्रिकेवर नाव छापलेल्या संचाच्या बाबतीत ती विरळा.

दरम्यान नदीचेच बदलले. जून २०१७ मध्ये सरदार सरोवराचे दरवाजे बंद करण्यास परवानगी मिळाली. बडवानीजवळच्या राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई ह्यांच्या अस्थींचे स्मारक होते. ते त्या वर्षी तेथून हलविण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर ह्या पूर्ण पातळीपर्यंत भरला आणि चिखलद्यासारखी निमाडची भरली गावे पाण्याखाली गेली. १३१२ किलोमीटर लांबीच्या ह्या नदीचा २१४ किलोमीटरांचा पट्टा आता सरोवर आहे, आणि ज्या टापूत ‘मा रेवा’ मिळाले तेथील पुष्कळ घाट त्याच पट्ट्यात होते.

हे गीत मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाला व्याकरणाची अडचण नाही. निमाडी सर्वनामाला मराठीत सरळ ‘तुझे’ आहे. नदीला आणि आईला आपणही एकेरीतच हाक मारतो. ‘निर्मळ’ तोच शब्द, ‘खळखळत’ही जवळजवळ तोच. अडते ते क्रियापदापाशी. १९९५ च्या आसपास खोऱ्यात ‘वाहते’ हे क्रियापद ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घडत होते. आज राजघाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहून तोच वर्तमानकाळ वापरला तर तो स्मरणाचा वर्तमानकाळ होतो. दिल्लीच्या सभागृहात तो अजून साधा वर्तमानकाळ आहे. अनुवादकाने काळ बदलू नये, हे उघड आहे, कारण गाणाऱ्यांनी तो बदललेला नाही. मात्र तळटीप द्यावयाची की नाही, आणि दिली तर तिच्यात धरणाची उंची लिहावयाची की बुडालेल्या घाटांची नावे, हे त्याला आपला वाचक कोठे बसला आहे हे ठरविल्यावाचून ठरविता येत नाही.